गावात पोलिओ निर्मूलनावरील माहितीपट कसा दाखवावा

पोलिओच्या जागतिक निर्मूलनावरील माहितीपट मराठवाड्यातील एखाद्या गावात दाखवायचा असेल, तर पडदा आणि प्रोजेक्टर यांची जुळवाजुळव करण्याआधी तारीख ठरवावी लागते, आणि ती पोळा ते दसरा यांच्या दरम्यानची असावी. दसरा उलटला की बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात, आणि गावात उरतात ती म्हातारी माणसे व शाळेसाठी आजीजवळ ठेवलेली मुले. पाच वर्षांखालील मूल मात्र आईबरोबर उसाच्या फडावर जाते. आता राष्ट्रीय पोलिओ लसीकरणाचे अलीकडचे काही रविवार पाहावेत: ३१ जानेवारी २०२१, २७ फेब्रुवारी २०२२, ३ मार्च २०२४. हे तिन्ही दिवस ऐन गाळप हंगामातले आहेत. थंडीच्या दिवसांत या विषाणूचा फैलाव कमी असतो, त्यामुळे त्या काळात सर्व मुलांना एकाच वेळी डोस पाजल्यास त्याची साखळी तोडणे सोपे जाते, आणि म्हणून मोहिमा प्रायः तेव्हाच घेतल्या जातात. मोहिमेच्या दृष्टीने हे योग्यच आहे; पण आपल्या भागातील हजारो मुले नेमकी तेव्हाच घरी नसतात.

मी बालाघाटच्या डोंगरातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. हा कार्यक्रम पहिल्यांदा मी डिसेंबरमध्ये ठेवला होता. गर्दी चांगली झाली, टाळ्याही वाजल्या, पण ज्या आयांसाठी तो ठेवला होता त्यांच्यापैकी एकही समोर नव्हती. तेव्हापासून मी तो भाद्रपदात घेतो. २४ ऑक्टोबर हा जागतिक पोलिओ दिन असल्याने तीच तारीख धरावी असा आग्रह काही जण करतात. परंतु बहुतेक वर्षी तोपर्यंत दसरा होऊन गेलेला असतो, आणि दिनविशेष पाळण्यापेक्षा माणसे गावात असणे अधिक मोलाचे आहे.

माहितीपटाची निवड

या विषयावर अनेक माहितीपट निघालेले आहेत आणि त्यांतील कित्येक चांगले आहेत. निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे त्यात भारताचा भाग पुरेसा असावा. अमेरिकेतील लोखंडी फुप्फुसे म्हणजे श्वास चालू ठेवणारी मोठी यंत्रे, त्यांत महिनोन्महिने पडून असलेली मुले, १९५५ साली जाहीर झालेली जोनास साल्क यांची इंजेक्शनची लस आणि त्यानंतर आलेली अल्बर्ट साबिन यांची तोंडावाटे देण्याची लस, हा इतिहास माहीत असायलाच हवा; पण सारा माहितीपट त्यातच खर्ची पडला असेल, तर प्रेक्षकांना तो परक्या मुलखातील जुनी हकीकत वाटतो. पश्चिम उत्तर प्रदेशातील मुरादाबादच्या गल्ल्या आणि बिहारमधील कोसी नदीच्या पुरात वेढलेली गावे ज्यात दिसतात, तो माहितीपट आपल्या लोकांना लगेच आपला वाटतो. डोक्यावर लसीचा निळा डबा घेऊन कमरेइतक्या पाण्यातून चाललेला माणूस पाहिला की गोदाकाठच्या गावात कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तो कोणत्या वर्षी तयार झाला आहे. २०११ पूर्वीच्या माहितीपटात भारत हा पोलिओग्रस्त देश म्हणून दिसेल आणि २०२० पूर्वीच्या माहितीपटात बहुधा नायजेरिया दिसेल. असा माहितीपट टाकून देण्याचे कारण नाही, मात्र पुढे काय झाले ते आपण सांगितले पाहिजे. त्यासाठी काही आकडे पाठ असावेत. जागतिक आरोग्य परिषदेने निर्मूलनाचा ठराव केला तो १९८८ साली, तेव्हा १२५हून अधिक देशांत हा रोग ठाण मांडून होता आणि वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुले त्याने पांगळी होत होती. भारतात पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी ९ डिसेंबर १९९५ रोजी झाली. तरीही २००९ साली आपल्याकडे ७४१ रुग्ण होते, आणि तो त्या वर्षीचा जगातील सर्वाधिक आकडा होता. २०१० मध्ये ते ४२वर आले आणि २०११ मध्ये एकच रुग्ण आढळला. पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यातील दीड वर्षाची ती मुलगी हा देशातील नैसर्गिक, म्हणजे लसीतील विषाणूपासून न उद्भवलेल्या, पोलिओचा शेवटचा रुग्ण ठरली. तिचा लुळेपणा १३ जानेवारी २०११ रोजी सुरू झाला होता. २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला आणि २५ ऑगस्ट २०२० रोजी आफ्रिका विभाग नैसर्गिक पोलिओतून मुक्त झाला. आज नैसर्गिक पोलिओ पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे.

माहितीपट ज्या संस्थेचा असेल तिची सार्वजनिक प्रदर्शनासाठी परवानगी असल्याची खात्री करून घ्यावी, आणि तो आदल्या दिवशी मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबून न राहता पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. लांबी चाळीस मिनिटांच्या आतली असेल तर उत्तम, कारण थांबत थांबत दाखवताना ती दुप्पट होते.

जागा आणि माणसे

जागेबाबत थोडक्यात सांगतो. मारुतीचा पार सोयीचा वाटतो, पण तेथे बायका मोकळेपणाने बसत नाहीत आणि काही वस्त्यांतील माणसे येतच नाहीत. त्यापेक्षा शाळेचे मैदान बरे. पडद्यासाठी मांजरपाटाचा शिवलेला तुकडा भिंतीवर ताणून बांधावा. वीज जाणार हे गृहीत धरून इन्व्हर्टरची सोय ठेवावी. वेळ रात्री आठची, जेवणे उरकल्यानंतरची.

माणसांबाबत मात्र घाई करू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आठ दिवस आधी भेटून कल्पना द्यावी आणि उपकेंद्राच्या सिस्टर, आशाताई व अंगणवाडी सेविका या तिघींना बोलावणे न धाडता स्वतः जाऊन सांगावे. गावात त्यांचे म्हणणे ऐकले जाते, कारण बाळंतपणापासून त्या घरात ये-जा करीत असतात. दवंडी आणि देवळाचा भोंगा पुरेसा आहे असे समजू नये. मशिदीतून सूचना झाली तर मुस्लिम वस्तीतील आया येतात, तांड्यावर नायकाला भेटले तर तांडा येतो, आणि टोळीच्या मुकादमाला सांगितले तर ज्या कुटुंबांनी उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतली आहे ती कुटुंबे येतात. मुकादमाला पुढच्या रांगेत बसवावे. ती सारी माणसे हंगामात कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, कोणत्या गावाच्या शिवारात कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) घालणार आहेत, हे एकट्या त्यालाच माहीत असते.

आणखी एका गोष्टीकडे माझे सर्वाधिक लक्ष असते. आपल्या बहुतेक गावांत पोलिओ झालेली, आज चाळिशी-पन्नाशीत असलेली एखादी तरी व्यक्ती असते. माहितीपटात सुकलेले पाय दाखवले जातात, तेव्हा सारे गाव तिच्याकडे वळून पाहते. हे होऊ द्यायचे नसेल तर आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन माहितीपटात काय आहे ते सांगावे, यावे की नाही हा निर्णय तिच्यावर सोपवावा, आणि ती बोलायला तयार असेल तरच बोलण्याची विनंती करावी. शेजारच्या गावातील एका शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांनी एकदा आपणहून कॅलिपरचा बूट काढून समोरच्या बाकावर ठेवला. डाव्या बुटाच्या तळाला चार बोटे उंचीचे रबर लावलेले होते, आणि मांडीपर्यंत जाणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवरचे चामडे घामाने काळे पडले होते. “हा बूट वर्षाला दुरुस्त करावा लागतो, आणि त्यासाठी मी दोन एसट्या बदलून जातो,” एवढेच ते बोलले आणि पुन्हा बूट चढवायला बसले. सगळे पट्टे आवळून होईपर्यंत मैदानावर कोणी हलले नाही. असे कोणाकडून करवून घेता येत नाही, आणि घेऊही नये. ‘हे पाहा पोलिओमुळे काय होते’ असे म्हणून एखाद्या माणसाकडे बोट दाखवणे हा त्या माणसाचा अपमान आहे.

कोठे थांबावे

माहितीपटाचे निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत असते आणि पडद्यावरच्या ओळी अंधारात कोणी वाचत नाही. म्हणून दर पाच-सात मिनिटांनी चित्र थांबवून आपल्या बोलीत सांगावे. मी तीन ठिकाणी हमखास थांबतो.

पहिले ठिकाण म्हणजे विषाणू शरीरात कसा शिरतो हे दाखवणारे. तो विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्या मुलाच्या तोंडात जातो. लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांपैकी एकालाच कायमचा लुळेपणा येतो, आणि ज्यांना तो येतो त्यांच्यातील शेकडा पाच ते दहा मुले श्वासाचे स्नायू निकामी होऊन दगावतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांना काहीही जाणवत नाही, मात्र तीही विषाणू पसरवीत असतात. हा आकडा दोनदा सांगावा. एक पाय लुळा पडलेला दिसला, तर त्यामागे दोनशे घरांत रोग फिरून गेलेला असतो. म्हणून ‘आमच्या गल्लीत कोणालाच झालेला नाही’ या म्हणण्यावर विसंबता येत नाही. या रोगावर औषध नाही, तो टाळता तेवढा येतो.

दुसरे ठिकाण म्हणजे लस नाकारणारी घरे. उत्तर प्रदेशात काही वस्त्यांतून ‘या थेंबांनी पुढे मूल होत नाही’ अशी अफवा पसरली होती, आणि नायजेरियातील कानो प्रांतात २००३ साली अशाच संशयातून लसीकरण काही महिने बंद पडले, तेव्हा तेथील विषाणू अनेक देशांत जाऊन पोहोचला. येथे नाकारणाऱ्यांना हसण्याचा मोह प्रेक्षकांना होतो, तो वेळीच आवरावा. ज्या वस्तीला रस्ता नाही, दवाखाना नाही, तिच्या दारात सरकार दर महिन्याला फक्त दोन थेंब घेऊन येते, तेव्हा तिला संशय येणे स्वाभाविक आहे. तो दूर झाला तो तेथील मौलवींनी, डॉक्टरांनी आणि शेजारणींनी घरोघर जाऊन बोलल्यामुळे. आपल्यासमोर हीच शंका आली, तर सांगावे की १९९५-९६च्या फेऱ्यांत ज्या बाळांना डोस पाजले गेले ती आज तिशीत आहेत आणि आपली मुले कडेवर घेऊन बूथवर येतात.

तिसरे ठिकाण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २००९चे ७४१ रुग्ण वर्षभरात ४२वर कसे आले, याचे उत्तर केवळ जानेवारी २०१०मध्ये आलेल्या नव्या द्विगुणी लसीत, म्हणजे विषाणूच्या तीनपैकी दोन प्रकारांवर चालणाऱ्या लसीत, नाही. उत्तर प्रदेशातील ६६ आणि बिहारमधील ४१ अशा १०७ तालुकावजा गटांवर सारे बळ एकवटले गेले, आणि त्याबरोबरच वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांची पालं, रेल्वे स्थानके, एवढेच काय धावत्या गाड्यांतील मुलेही शोधून काढली गेली. विषाणू शेवटी टिकून राहिला होता तो फिरत्या माणसांच्या मुलांमध्ये. हे दृश्य थांबवून मी फक्त एक प्रश्न विचारतो: आपल्या गावातील फिरती मुले कोणती? उत्तर द्यायला वेळ लागत नाही, कारण निम्मी माणसे तीच असतात.

कुपी हातात द्यावी

माहितीपट संपल्यावर भाषण करू नये. सिस्टरांकडून लसीची एक रिकामी, निर्जंतुक केलेली कुपी आणि बर्फाचे चार पॅक बसणारा निळा डबा आणलेला असावा. कुपीच्या लेबलवर एक छोटे वर्तुळ असते आणि त्याच्या आत एक चौकोन. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरता येते. उष्णता लागत जाते तसा तो गडद होत जातो, आणि वर्तुळाच्या रंगाइतका झाला की ती कुपी बाजूला टाकायची असते. ही खूण करंगळीच्या नखापेक्षा लहान आहे. कुपी हातोहात फिरवावी आणि विजेरी लावून प्रत्येक आईला ती पाहू द्यावी. ‘लस उन्हात खराब होत असेल’ ही शंका आपल्या भागात रास्त आहे, आणि तिचे उत्तर ज्याला त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येते. बूथवर गेल्यावर ‘ताई, बाटली दाखवा’ असे म्हणण्याचा हक्क आईला आहे, हेही सांगून ठेवावे.

हे सांगताना यवतमाळचा प्रसंग कोणीतरी काढतेच. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात बारा मुलांना लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रावण पाजले गेले होते. हे घडलेच नाही असे म्हणू नये किंवा विषय बदलू नये. ते घडले, मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि ती बरी होऊन घरी गेली. ती चूक पाजणाऱ्या हातांची होती आणि म्हणूनच कुपी पाहून घेण्याची सवय आपल्याला लावायची आहे.

प्रश्नोत्तरे

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एका तांड्यावरील आजींनी नेमका मांडला होता: “गुरुजी, दुखणंच राहिलं नाही तर दवा कशाला पाजायची?” मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच मागून त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ म्हणाले, “डुकरं दिसंनात म्हणून भुईमुगाचं कुंपण कोणी काढतं का?” ते उत्तर मी आजही वापरतो. त्याच्या जोडीला एवढेच सांगतो की मोझांबिक आणि मलावी या आफ्रिकी देशांत अनेक वर्षे नैसर्गिक पोलिओ नव्हता, तरी २०२२ मध्ये पाकिस्तानातील विषाणूशी नाते असलेला विषाणू तेथे सापडला.

दुसरा प्रश्न शिकलेली तरुण मुले विचारतात, आणि तो अवघड आहे: लसीमुळेच पोलिओ होतो हे खरे आहे का? याचे उत्तर लपवून ठेवल्यास पुढे कोणी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. ज्या समाजात बरीच मुले लसीवाचून राहिलेली असतात, तेथे हा दुबळा विषाणू दीर्घ काळ एकातून दुसऱ्यात फिरत राहिला तर क्वचित बदलतो आणि पुन्हा जोर धरतो. २०२२ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात आणि २०२४ साली गाझामध्ये लुळेपणा आला तो अशाच विषाणूमुळे. ज्या गावात सर्व मुलांना डोस मिळालेले असतात तेथे त्याला फिरायला जागा उरत नाही. याच कारणासाठी भारताने एप्रिल २०१६ मध्ये लसीतील दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला, आणि त्याआधी नोव्हेंबर २०१५ पासून मृत विषाणूची इंजेक्शनची लस नियमित लसीकरणात आणली.

त्यावरून वेळापत्रक सांगावे. जन्मतः एक तोंडी डोस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान वर्धक डोस; शिवाय सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वेळी कातडीत दिले जाणारे इंजेक्शन. पल्स पोलिओचा डोस याच्या बदल्यात नसून याच्या जोडीला आहे. हे वाक्य प्रत्येक आईकडून वदवून घ्यावे, कारण ‘रविवारी पाजला, आता इंजेक्शन कशाला’ हा गैरसमज घरोघर आहे. सर्दी, किरकोळ ताप किंवा जुलाब असतील तरी मोहिमेचा डोस पाजता येतो. मूल फारच आजारी असेल तर सिस्टरांना दाखवून ठरवावे.

आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही, ती आपण होऊन सांगावी. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर ‘झटका आला’, ‘नस दबली’ असे म्हणून घरी न ठेवता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवावे. लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन ते बर्फात तपासणीसाठी पाठवले जातात. नमुना उशिरा गेला तर कारण कायमचे अज्ञात राहू शकते. हे फडावर घडले तरी नियम तोच आहे, आणि मुकादमाने ते ऐकलेले असावे.

यादी

रात्री साडेदहाच्या सुमारास माणसे उठू लागतात, तेव्हा खरे काम सुरू करावे. कंदिलाखाली किंवा मोबाइलच्या उजेडात अंगणवाडी सेविका वही उघडून बसतात आणि ज्या कुटुंबाला दसऱ्यानंतर जायचे आहे त्याने मुलाचे नाव, वय, शेवटचा डोस, मुकादमाचे नाव आणि कारखान्याचा तालुका एवढे लिहून द्यायचे असते. डिसेंबरात बाळंत होणाऱ्या बायकांची नावे वेगळ्या पानावर घ्यावीत, कारण ते बाळ जन्माला येईल तेच फडावर, आणि त्याचा जन्माचा डोस चुकण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. यादीची एक प्रत सिस्टरांकडे, एक मुकादमाकडे आणि एक शाळेत ठेवावी. आरोग्य केंद्रातून ती कारखान्याच्या तालुक्यातील आरोग्य यंत्रणेला कळवण्याची विनंती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

लसीकरणाचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवायला सांगावे, कारण कोपीत पाऊस आणि दव दोन्ही शिरतात. टोळी निघण्याच्या सकाळी ट्रॅक्टरमध्ये भांडी, सरपण आणि शेळ्या चढत असताना आशाताईंबरोबर तेथे जाऊन उभे राहावे आणि कार्ड पेटीत आहे का एवढेच विचारावे. गुढीपाडव्याच्या आसपास टोळ्या परततात, तेव्हा तीच वही घेऊन पुन्हा घरोघर जावे आणि प्रत्येक कार्ड उघडून पाहावे. ज्याचा डोस राहिला असेल त्याचे नाव उपकेंद्रातील पुढच्या लसीकरण सत्राच्या यादीत घालावे, आणि ते सत्र कोणत्या वारी आहे हे त्याच्या आईला त्याच वेळी सांगावे.